लाँड्रीतलं बारकं पुस्तक

मी एक बारकं पुस्तक बोलतोय. बारकं म्हणजे खरोखरच बारकं. दोन जाड पुस्तकांच्या मधे ठेवलं तर दुकानदारालाही मी सापडत नाही. माझ्या विषयाचं नाव मात्र लांबलचक आहे: डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स. घाबरू नका. माहिती नीट कशी ठेवायची आणि ठेवलेली पटकन कशी शोधायची, एवढंच माझ्यात आहे. घराघरांत किल्ली, चष्मा आणि रिमोटवरून रोज जी भांडणं होतात ती याच विषयावरची असतात. तेच काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं म्हटलं की त्याला हे भारदस्त नाव मिळतं आणि माणसं दचकतात.

मला एका बाईंनी लिहिलं. कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुलामुलींना हा विषय शिकवण्यात त्यांचे केस पिकले होते. हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू मिळाल्याशिवाय त्या वर्गात नवीन काही शिकवायच्या नाहीत. कधी बशांची चळत, कधी पत्त्यांचा जोड, कधी शर्टाची बटणं. त्यांची ती फुगलेली पिशवी बघून कॉलेजच्या नव्या शिपायाने एकदा त्यांना फाटकातच अडवलं होतं आणि सांगितलं होतं, "विक्रेत्यांना आत जायला बंदी आहे." त्या पिशवीतून माझी पानं तयार झाली. माझ्यात कोड थोडं, चित्रं पुष्कळ आणि वाक्यं छोटी.

प्रकाशकांनी हस्तलिखित आधी हातात तोलून पाहिलं आणि मग वाचलं.

"बाई, मजकूर झकास आहे. पण निदान दुप्पट तरी करा हो. एवढंसं पुस्तक कुणी हातात घेत नाही."

"दुप्पट कशाने करू? दोन शब्दांच्या मधे जागा सोडू?"

प्रकाशक हसले, पण त्यांनी मान हलवली ती काळजीनेच.

त्यांची काळजी खोटी नव्हती. दुकानाच्या शेल्फवर माझ्या शेजारी याच विषयाचं एक जाडजूड पुस्तक उभं असे. लोक ते दोन्ही हातांनी उचलायचे, आदराने उघडायचे, एक पान वाचून गंभीर व्हायचे आणि विकत घ्यायचे. जाड पुस्तक हातात आलं की माणसाला अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. माझ्याकडे बघून मात्र नाकं मुरडायचे. "यात काय असणार?" असं माझ्या तोंडावर म्हणायचे. त्या जाड पुस्तकाबद्दल माझ्या मनात अढी नाही, विद्वान आहे ते. पण चालायला शिकणाऱ्या मुलाला कुणी पहिल्याच दिवशी डोंगरावर नेऊन सोडत नाही ना? मला राग येतो तो निवडणाऱ्यांचा.

माझा पहिला मालक तर निवडण्यातच हुशार होता. त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्रांनी त्याचं नावच निवडकर ठेवलं होतं. हा विषय शिकायचाच असं त्याने ठरवलं आणि कुठलं पुस्तक चांगलं याची चौकशी सुरू केली. सीनियरना विचारलं, सरांना विचारलं, इंटरनेटवर अनोळखी माणसांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं, म्हणून याने सगळीच आणली. टेबलावर आम्हाला ओळीने उभं करून आमचा फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. मित्रांनी शाबासकी दिली. त्या दिवसाचा अभ्यास तिथे संपला.

पुढे त्याने आम्हा सगळ्यांच्या प्रस्तावना वाचल्या. प्रस्तावनेच्या पुढे तो गेला नाही, कारण तेवढ्यात आणखी एखाद्या पुस्तकाची कुणीतरी तारीफ करायचं. मला त्याने लॅपटॉपखाली सरकवलं. पडदा डोळ्यांसमोर यायला मी अगदी मापाचा होतो. माझ्या डोक्यावरच्या त्या लॅपटॉपवर तो काय बघायचा? 'नवशिक्यांसाठी सर्वांत चांगली पुस्तकं.' मी खालून ओरडत होतो, अरे, मी इथे आहे! पण मिटलेल्या पुस्तकाचा आवाज समोरच्यालाही ऐकू येत नाही.

तो आळशी नव्हता हो. तो घाबरलेला होता. निवड चालू असते तोवर कुणी नापास होत नाही, हे त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं. त्याला वेगळ्याच कामाची नोकरी लागली, खोली सोडावी लागली आणि आम्ही सगळे एका खोक्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो. जाताना त्याचा चेहरा हलका झालेला मी पाहिला. मला वाईट वाटलं, त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

त्या दुकानात एके दिवशी दोघीजणी आल्या. एक तरुण मुलगी आणि तिची मामी. मुलगी दारातच घुटमळत होती. मामी थेट आत आली.

"अल्गोरिदमचं सगळ्यात सोपं पुस्तक द्या बघू."

दुकानदार काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोपं कुणाला? तुम्हाला की यांना?"

"हिला. माझी भाची. डिप्लोमाचे बाकी सगळे विषय सुटले, हाच एक राहिलाय."

"दोनदा नापास झालेय यात," भाची खाली बघत म्हणाली. "आता शेवटची संधी आहे. या वेळी राहिले तर डिप्लोमा मिळणार नाही."

"नाही मिळाला तर नाही, असं म्हणायला हिचा मामा तयारच बसलाय," मामी म्हणाली. "मी नाही."

काकांनी तीन पुस्तकं काढली. ते जाड, एक मधलं आणि मी. जाड पुस्तक पाहताच मुलगी म्हणाली, "हे आहे माझ्याकडे. पाठ केलं होतं." ते तिने ज्या आवाजात सांगितलं, तो ऐकून त्या विद्वानालाही ओशाळं वाटलं असेल.

"मग असं करा," काका स्टूल पुढे सरकवत म्हणाले. "तिन्हींमधून एकच गोष्ट काढा. वाचा, पुस्तक मिटा आणि ती या मामींना सांगा. ज्यातलं सांगता येईल ते घेऊन जा."

मुलीने रांगेची गोष्ट काढली. जो आधी आला तो आधी सुटणार, अशा तऱ्हेने माहिती ठेवायची ती पद्धत. जाड पुस्तकातलं वाचून तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मधल्यातलं वाचून तिने धडाधड म्हणून दाखवलं, एकही शब्द चुकला नाही, आणि मामीला जांभई आली. मग माझी पाळी. माझ्या पानावर बसस्टॉपचं चित्र होतं. तिने ते वाचलं, मला मिटलं आणि हात हलवत हलवत सांगायला लागली. मागून येणारा कुठे उभा राहणार, पुढचा चढला की काय होणार, रांग रिकामी आहे हे आधीच का तपासायचं.

"म्हणजे मधे घुसणाऱ्याला हाकलायचं, एवढंच ना?" मामी म्हणाली.

"एवढंच गं मामी!"

"मग एवढ्यासाठी दोनदा नापास झालीस? घ्या हो हे. पिशवीतसुद्धा मावतंय."

अशा रीतीने मी लाँड्रीत आलो.

लाँड्री मामांची. रस्त्याला लागून काउंटर, त्यामागे वाफेची इस्त्री, एका बाजूला भिंतभर हूक आणि मागे दोन खोल्यांचं घर. भाचीचे आईवडील दूर राहायचे, ती शिकायला म्हणून इथे आलेली होती आणि कॉलेज नसेल तेव्हा काउंटर सांभाळायची. मामांचे दोन नियम होते. एका हुकाला एकच हँगर, म्हणजे कपड्याची घडी मोडत नाही. आणि कापडाला टाचणी लावायची नाही, कधीही नाही, कुणाच्याही नाही. टाचणीचं भोक त्यांना कपड्यावरच्या नव्हे, स्वतःच्या अंगावरच्या जखमेसारखं दिसायचं. कुठला कपडा कुणाचा हे लिहिलेलं कुठेच नव्हतं. ते सगळं मामांच्या डोक्यात होतं. कपडा मोकळ्या दिसेल त्या हुकाला जायचा, त्यावर कागदी खोळ चढायची आणि गिऱ्हाईक दारात दिसताच मामांचा हात आपोआप त्या हुकाकडे वळायचा.

मी पावत्यांच्या शेजारी राहायचो. दोन गिऱ्हाइकांच्या मधे ती मला उघडायची. बटणांच्या डब्यातली बटणं काउंटरवर मांडून ती लहानमोठी लावायची, मोजायची, पुसायची, पुन्हा लावायची. माझ्या पानांना प्रथमच कुणाच्या तरी बोटांचा घाम लागला. तुम्हाला हे घाण वाटेल. मला आयुष्यात पहिल्यांदा कामाला आल्यासारखं वाटलं.

मग मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जायचं, नंतर डोळ्याला पट्टी, आणि काही दिवस तिथेच त्यांच्या मुलीकडे राहायचं. लाँड्री बंद ठेवणं शक्य नव्हतं, आणि मामांचं डोकं काही इथे ठेवून जाता येत नव्हतं.

"बाळा, लिहून घे," निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले आणि भिंतीच्या एका टोकापासून सुरू झाले. ते सांगत गेले, भाची चिठ्ठ्या करत गेली.

"हा वकीलबाईंचा काळा कोट. हा त्या व्हायोलिनवाल्यांचा काळा कोट."

"मामा, दोन्ही सारखेच दिसतात."

"सारखे? अगं, कॉलर बघ ना!"

चिठ्ठी कपड्याला लावायची तर टाचणी हवी, आणि टाचणीला तर बंदी. म्हणून भाचीने चिठ्ठ्या हुकांच्या वर भिंतीला चिकटवल्या. हुकावर नाव, हुकाला कपडा. त्या वेळी त्यात वावगं कुणालाच वाटलं नाही.

मामा गेल्यावर तिच्या मनात आलं, नावं तर आता आहेतच, मग ती आडनावाच्या क्रमाने का लावू नयेत? आदल्याच दिवशी तिने माझ्यातलं ते प्रकरण वाचलं होतं: सगळं क्रमाने लावलेलं असेल तर शोधायला सरळ मधे जा, हवं ते पुढे आहे की मागे ते बघा आणि उरलेला अर्धा भाग सोडून द्या. तिने आणि मामीने मिळून सगळी भिंत पुन्हा लावली. पहिले दोन-तीन दिवस नुसता जयजयकार! गिऱ्हाईक आडनाव सांगायचं, भाची मधल्या हुकाकडे बघायची, डावीकडे की उजवीकडे ठरवायची आणि बघता बघता कपडा काउंटरवर.

"मामापेक्षा तूच बरी की गं," मामी म्हणाली.

मला हर्ष झाला हे कबूल करतो. पण माझ्या पोटात एक काळजीही होती. ती प्रकरण संपायच्या एक पान आधी थांबली होती. तिथे तिने पेन्सिल ठेवून मला मिटलं होतं आणि भिंत लावायला धावली होती. पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं. एकच पान, बाळा, एकच पान उलट, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

शनिवार आला. शनिवारी सगळ्यांनाच कपडे हवे असतात आणि सगळ्यांनाच द्यायचेही असतात. इस्त्री होऊन आलेला एक कोट भिंतीवर लावायचा होता आणि आडनावाप्रमाणे त्याची जागा होती बरोबर मधे. तिथे रिकामा हूक नव्हता. एका हुकाला एकच हँगर. म्हणजे तिथपासून पुढचं सगळं एकेक हूक पुढे सरकवायचं. काउंटरला माणसं उभी.

"मामी, तू कपडे सरकव, मी चिठ्ठ्या सरकवते," भाची म्हणाली. दोघी कामाला लागल्या.

आता नीट ऐका, घोटाळा इथे झाला. थोड्याच वेळापूर्वी मामीने एका गिऱ्हाइकाला त्याचा कपडा काढून दिला होता. त्याची चिठ्ठी भिंतीवर तशीच होती, पण हूक रिकामा होता. कपडे सरकवत सरकवत मामी त्या रिकाम्या हुकापाशी आली, तिला जागा मिळाली आणि ती थांबली. पुढचे कशाला हलवायचे? तिचं काहीच चुकलं नाही. भाची मात्र चिठ्ठ्या शेवटपर्यंत सरकवत गेली. मधे जागा करायची तर शेवटपर्यंत सगळ्यांना एकेक घर सरकवा, ही माझ्यातली पायरी तिने तंतोतंत पाळली. मग दोघी हात झटकून काउंटरकडे वळल्या.

त्या हुकापासून पुढे भिंतीवरचं प्रत्येक नाव एक घर पुढे गेलं होतं आणि कपडे जागच्या जागी होते. ज्याने मागितलं त्याला शेजाऱ्याचा कपडा मिळाला. सगळ्यांवर कागदी खोळ, त्यामुळे कुणी उघडून पाहिलं नाही. पैसे देऊन, आभार मानून माणसं दुसऱ्याचे कपडे घेऊन गेली.

उन्हं कलल्यावर पहिली आरोळी आली. व्हायोलिनवाले. उंच, सडपातळ, एरवी हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी काउंटरवर खोळ आपटली आणि आतून पांढरा कोट बाहेर काढला. खिशावर दाताचं चित्र भरतकामात काढलेलं होतं.

"हे काय आहे?"

"दातांच्या डॉक्टरांचा कोट," भाची पुटपुटली.

"ते मलाही दिसतंय! तासाभरात माझा कार्यक्रम आहे. सगळे वादक काळ्या कोटात, आणि मी हा दात घेऊन बसू का?"

त्यांचा काळा कोट वकीलबाईंकडे गेला होता आणि वकीलबाई तो घेऊन बाहेरगावी गेल्या होत्या.  भाची नुसती भिंतीकडे बघत राहिली. मामी आतल्या खोलीत गेली आणि मामांचा लग्नातला काळा कोट घेऊन आली. त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास येत होता की दारातलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. बाह्या लांब होत्या. मामीने इकडे तिकडे पाहिलं आणि मामांच्या लाँड्रीत, मामांच्याच कोटाला, टाचण्या लावल्या.

ते गृहस्थ गेले, आणि बाकीच्या अदलाबदली दोघी रात्रीपर्यंत निस्तरत राहिल्या. सोमवारी कोट परत देताना त्यांनी तो व्यवस्थित घडी घालून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "इथे मी फार वर्षं येत होतो." एवढंच. ते आरडाओरडा करत होते तेव्हा तिला रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

मामा परतले ते काळा चष्मा लावून. मामीने त्यांना सगळं सांगितलं, आपल्या टाचण्यांसकट. मामांनी आवाज चढवला नाही. त्यांनी स्टूलवर बसून घेतलं आणि भाचीला समोर बसवलं.

"हे बघ बाळा, सगळ्यांच्याच डोक्यात सगळं बसत नाही. मला कुठे येतं? अडलं का माझं काही? ती परीक्षा राहू दे. हे काउंटर तुझंच आहे. आज आहे, उद्याही आहे."

त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि म्हणूनच मला भीती वाटली. टोमणा मारला असता तर ती चिडून उठली असती. मायेला काय उत्तर देणार? ती "हं" म्हणाली. मला उचलून तिने जुन्या झिपा आणि मोडक्या हँगरांच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला. परीक्षा आठवड्यावर आली होती.

खणातले ते दिवस मी विसरणार नाही. अंधाराची मला सवय आहे, पुस्तकाचं निम्मं आयुष्य अंधारातच जातं. पण वर तिचा आवाज ऐकू यायचा, "दोन शर्ट, एक पँट, परवा या," आणि त्या आवाजात काहीच नसायचं.

एका दुपारी खण उघडला. ती रागात होती.

"मामी, मी यात लिहिलंय तसंच केलं होतं. पायरीन् पायरी तशीच. पुस्तकातच चूक असणार. दाखवते तुला."

काउंटरवर कुणी नव्हतं. तिने मला धाडकन उघडलं, पेन्सिल होती तिथे. वाचलेलं पान पुन्हा वाचलं, चूक सापडली नाही. आणि मग, चूक शोधण्यासाठी का होईना, तिने पान उलटलं.

त्या पानावर लिहिलं होतं: 'क्रमाने लावलेल्या ओळीत शोधणं स्वस्त असतं, पण मधे नवीन घालणं महाग. एकाला जागा करायला मागच्या सगळ्यांना उठावं लागतं. रोज नवीन येत असेल तर आधी विचार करा.' आणि खाली चित्र होतं, खुर्च्यांवर बसलेली माणसं एकेक खुर्ची सरकताहेत आणि सगळ्यांचे चेहरे वैतागलेले.

तिने बोट ठेवून ते पान पुन्हा वाचलं.

"काय गं? सापडली का चूक?" मामीने विचारलं.

"मामी, हा शनिवार आहे."

"आज बुधवार आहे."

"नाही गं. या पानावर आपला शनिवार लिहिलाय. मला हे परीक्षेत दोनदा विचारलं होतं. मधे घालायला काय खर्च येतो? मी पाठ केलेलं लिहून आले होते, आणि तेही उलटं. आता मला विचार. आता मला कुणीही विचारा!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्या दुपारी ती पुढचं प्रकरण एका बैठकीत वाचून उठली आणि भिंतीकडे गेली. आधी तिने सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. मग एकेका चिठ्ठीला दोरा ओवून तो हँगरच्या मानेत बांधला. नाव आता कपड्याबरोबर फिरणार होतं, आणि टाचणीही नको होती. मग आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे भिंतीचे भाग पाडले. अक्षराच्या भागात हवं तिथे लटकवा, तिथे क्रम नाही आणि सरकवासरकवी तर नाहीच. सगळं सुरळीत झालं असंही नाही. काही अक्षरं ओस पडली आणि एका अक्षराच्या आडनावांनी अशी गर्दी केली की त्याला शेजारच्या दोन अक्षरांची जागा द्यावी लागली. तीसुद्धा माझ्यात लिहिलेलीच अडचण होती. या वेळी तिने ते पान आधी वाचलं होतं.

मामांनी काळ्या चष्म्यातून तो दोरा चाचपून पाहिला. "बरं आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडी हे फार झालं.

"मामा, मी परीक्षेला बसणार आहे."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बस," म्हणाले.

लेखी परीक्षेच्या वेळी मी बाहेर, दप्तरांच्या ढिगात होतो, त्यामुळे आत काय झालं ते ठाऊक नाही. तोंडी परीक्षेला मात्र मी तिच्या पिशवीत, खुर्चीच्या पायाशी होतो. परीक्षकांचा आवाज कोरडा होता. त्यांनी विचारलं, माहिती क्रमाने ठेवणं केव्हा चुकीचं ठरेल? तिने प्रश्न स्वतःशीच पुटपुटला. मला वाटलं, पाठ केलेलं काही सापडतंय का बघते आहे. मग तिने सांगायला सुरुवात केली: भिंत, हूक, शनिवार, रिकामी जागा, मामी, चिठ्ठ्या. खर्च किती, का, आणि मग काय बदललं. परीक्षकांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, अवघड होते, एकाचं उत्तर तिला आलं नाही आणि तिने ते तसं सांगितलं. शेवटी कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, त्या व्हायोलिनवाल्यांचं काय झालं?"

"टाचण्या लावलेल्या कोटात वाजवलं, सर. पण ते आता आमच्याकडे येत नाहीत."

"हं," परीक्षक म्हणाले. "लक्षात राहील तुमच्या."

निकाल आला तेव्हा लाँड्रीत गर्दी होती. तिने फोन पाहिला, उलटा ठेवला आणि समोरच्या बाईंना त्यांचे पडदे मोजून दिले. सुटे पैसे परत केले. मग मागे वळून म्हणाली, "मामी, सुटला."

मामीच्या हातातली इस्त्री तशीच वर राहिली. "सुटला म्हणजे? सुटलीस ना तू? पास?"

"पास. काठावर आहे गं, पण पास."

मामीने तिला गर्दीसमोरच मिठी मारली. ओळख ना पाळख, पण गिऱ्हाइकांनीही टाळ्या वाजवल्या. मामा स्टूलवर बसून होते. ते उठले नाहीत. डोळा आता बरा झाला होता तरी त्यांनी त्या दिवशी काळा चष्मा काढला नाही. बऱ्याच वेळाने, गर्दी ओसरल्यावर, ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मग आता काउंटरला माणूस बघायला हवा."

 भाची त्यांच्याजवळ जाऊन बसली.

आता माझी अवस्था सांगतो. माझा कणा मोडलाय, पाठीला चिकटपट्टी आहे आणि एका पानावर वाफेने सुरकुत्या पडल्यात. मला त्याचं दुःख नाही. माझ्या शेवटी एक प्रकरण आहे, गावं आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांचं. ते परीक्षेला नसतं, म्हणून आजवर कुणी उघडलेलं नाही. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

आज तिचा लाँड्रीतला शेवटचा दिवस. नोकरीच्या गावी न्यायची बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मामी आत डबा भरते आहे आणि मामा काउंटरच्या नव्या बाईंना दोऱ्याची गाठ शिकवताहेत. भाची स्टूलवर बसली आहे. आता तिला कुणी काही विचारणार नाही, गुण देणार नाही, नापासही करणार नाही. तरी तिने मला मांडीवर घेतलंय आणि नखाने ती चिकटलेली पानं हलकेच सोडवते आहे.

उघडलेल्या पुस्तकाने गप्पा मारायच्या नसतात, कामाला लागायचं असतं. मला निरोप द्या. तिने पेन्सिल काढली आहे.